एका नावाची चार घरे
मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या वादाचा मागोवा

न्यूयॉर्कच्या नगरसभेने २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डन या जगप्रसिद्ध क्रीडागृहाच्या परवान्याचे नूतनीकरण केले. त्या शहराच्या नियमाप्रमाणे अडीच हजारांहून अधिक आसनांचे क्रीडागृह चालवावयाचे तर खास परवाना लागतो. १९६३ साली हा परवाना प्रथम मिळाला तेव्हा त्याची मुदत पन्नास वर्षांची होती. २०१३ साली ती संपली, तेव्हा नवी मुदत दहा वर्षांची मिळाली. २०२३ साली मिळाली ती अवघ्या पाचांची. पन्नास, दहा, पाच हा उतरता क्रमच पुष्कळ काही सांगून जातो. भाडेकरूला घर सोडावयास तोंडाने सांगवत नसले, म्हणजे शहाणा घरमालक करारनाम्याची मुदत आखडती घेतो, त्यातलाच हा प्रकार.

मात्र येथे घरमालक कोण आणि भाडेकरू कोण, हाच खरा तंटा आहे. क्रीडागृहाची इमारत खाजगी कंपनीच्या मालकीची आहे. तिच्या पोटाखाली पेनसिल्व्हेनिया स्टेशन आहे आणि त्यातून रोज लाखो उतारूंची ये-जा होते. ते स्टेशन अंधारे, ठेंगणे, गुदमरवणारे आहे, ही तक्रार सर्वांच्याच तोंडी आहे. ते मोकळे करावयाचे तर डोक्यावरचे क्रीडागृह हलविले पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, बास्केटबॉलच्या खेळाची ही पंढरी आहे, तिला हात लावू नका. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तेव्हा निवाडा करण्यापूर्वी या वास्तूची जन्मकथा तपासून पाहणे इष्ट ठरेल. कारण गंमत अशी की, नावात ‘गार्डन’ असून येथे बाग नाही. नावात मॅडिसन चौक आहे, पण तो चौक येथून जवळजवळ मैलभर दूर आहे. आजची इमारत हे त्या नावाचे चौथे घर होय.

पहिली दोन घरे

मॅडिसन चौकाच्या कोपऱ्यावर, सव्विसाव्या रस्त्याला लागून, एका रेल्वे कंपनीचे जुने उतारूघर होते. गाड्या तेथून हलल्यावर सर्कसवाल्या बार्नमने १८७४ मध्ये ती जागा घेऊन तेथे रोमन धर्तीच्या रथशर्यती मांडल्या. पुढे गिलमोर नावाच्या बँडमास्तराने ती भाड्याने घेतली. १८७९ साली जागेची मालकी असलेल्या व्हँडरबिल्ट घराण्यातील विल्यम व्हँडरबिल्ट याने कारभार हाती घेऊन तिला मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे नाव दिले. डोक्यावर छप्पर नव्हते. उन्हाळ्यात उकाडा आणि हिवाळ्यात हुडहुडी अशी तिची ख्याती होती. म्हणजे स्टेशन आणि गार्डन यांची सोयरीक आजची नव्हे. पहिल्या घराचा जन्मच मुळी स्टेशनच्या सोडलेल्या जागेत झाला.

१८९० साली त्याच जागी दुसरे घर उभे राहिले. स्टॅनफर्ड व्हाइट हा त्या काळचा नामांकित स्थापत्यविशारद. स्पेनमधील सेव्हिल शहराच्या प्रसिद्ध मिनाराच्या धर्तीवर त्याने मनोरा उठविला आणि त्याच्या टोकावर सेंट-गॉडेन्स या शिल्पकाराची डायना देवतेची मूर्ती बसविली. आत मोठे प्रेक्षागार, नाट्यगृह, गच्चीवरचे उपाहारगृह आणि एक संगीतसभागृह होते. या सभागृहाशी आपलेही नाते जडले आहे. १८९२ साली बेळगावात भाटे वकिलांच्या घरी पाहुणा म्हणून राहून गेलेला एक तरुण संन्यासी १८९६ च्या फेब्रुवारीत तेथे व्याख्याने देण्यास उभा राहिला. तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. आपले गुरू श्रीरामकृष्ण यांच्याविषयी त्यांनी अमेरिकेत जे प्रसिद्ध भाषण केले, ते याच सभागृहात. सर्कस, घोड्यांचे प्रदर्शन, मुष्टियुद्ध आणि वेदान्त या सर्वांना एकच छप्पर पुरले, हे या जागेचे वैशिष्ट्य तेव्हापासूनचे आहे.

या घराच्या नशिबी मात्र सुख नव्हते. २५ जून १९०६ च्या रात्री गच्चीवरच्या नाट्यगृहात खेळ चालू असताना हॅरी थॉ नावाच्या धनाढ्याने स्वतः व्हाइटवरच गोळ्या झाडल्या. एका स्त्रीवरून हे घडले, आणि खटला देशभर गाजला. ज्याने वास्तू उभी केली त्याचाच तिच्या माथ्यावर अंत व्हावा, हा योग विलक्षणच! पैशाच्या बाबतीतही वास्तूला कधी बरकत आली नाही. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन तेथे भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यासाठी एकशे तीन वेळा मतदान घ्यावे लागले. शेवटी निवडलेले जॉन डेव्हिस हे निवडणुकीत हरलेच. १९२५ साली गहाण धरणाऱ्या विमा कंपनीने इमारत पाडून तेथे आपली कचेरी बांधावयास घेतली. व्हाइटची अत्यंत देखणी कृती जमीनदोस्त झाली, आणि शहराने फारसे डोळे ओले केले नाहीत.

खेळाने घर कसे मिळविले

आता बास्केटबॉलकडे वळू. हा खेळ इतर खेळांसारखा मैदानात जन्मून मग घरात आलेला नाही. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शाळेतील जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, बर्फामुळे कोंडल्या गेलेल्या मुलांना अंगमेहनत व्हावी म्हणून, तेरा नियम लिहून काढले आणि व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. भिंती आणि छप्पर ही या खेळाची जन्मखोली. त्यामुळे क्रिकेटच्या रसिकाला मैदान जसे प्रिय, तशी बास्केटबॉलच्या रसिकाला इमारत प्रिय असते. लाकडी तक्त्यांवरून उसळणाऱ्या चेंडूचा आवाज, छताला भिडून परत येणारा लोकांचा गजर ही त्या खेळाची अंगेच होत.

तथापि गार्डनमध्ये या खेळाला मानाचे पान मिळावयास बराच काळ लागला. टेक्स रिकार्ड या मुष्टियुद्धांच्या ठेकेदाराने आठव्या ॲव्हेन्यूवर, एकोणपन्नास आणि पन्नासाव्या रस्त्यांच्या मध्ये, अवघ्या २४९ दिवसांत तिसरे घर बांधून काढले. ते १९२५ च्या अखेरीस उघडले. नाव जुनेच, जागा नवी. आतील रचना मुष्टियुद्धासाठी. सोबतीला बर्फावरची हॉकी आणि वसंतात सर्कस. मंदीच्या दिवसांत, १९३१ साली, बेकारांच्या मदतीसाठी कॉलेजांच्या संघांचे सामने तेथे भरविले गेले आणि प्रेक्षकांनी गर्दी केली. ती गर्दी नेड आयरिश नावाच्या एका तरुण क्रीडा-वार्ताहराच्या ध्यानात राहिली. एका कॉलेजच्या खचाखच भरलेल्या व्यायामशाळेत खिडकीतून शिरताना त्याची विजार फाटली आणि तेथेच त्याला मोठ्या जागेची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, २९ डिसेंबर १९३४ रोजी त्याने एकाच रात्री दोन सामने लावले. न्यूयॉर्क विद्यापीठाने नोत्र दामला २५ विरुद्ध १८ असे हरविले; वेस्टमिन्स्टरने सेंट जॉन्सला ३७ विरुद्ध ३३ असे. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील. पण प्रेक्षक सोळा हजारांवर होते. व्यायामशाळेतला खेळ त्या रात्री तमाशागीर झाला.

दोन वर्षांनी, १९३६ च्या डिसेंबरात, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डचा हँक लुइसेट्टी तेथे आला. त्या काळी चेंडू दोन्ही हातांनी, पाय जमिनीवर रोवून टाकण्याची रीत होती. लुइसेट्टीने धावता धावता एका हाताने टाकण्याची आपली ढब दाखविली. सलग त्रेचाळीस सामने जिंकलेला लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ ४५ विरुद्ध ३१ असा हरला. नवे तंत्र इतरत्रही कोणी वापरीत असेल. पण देशभरची वृत्तपत्रे जेथे बसलेली असतात तेथे ते दिसले, म्हणून ते रूढ झाले. मोठ्या क्रीडागृहाचे खरे सामर्थ्य हेच. २८ फेब्रुवारी १९४० रोजी दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेला पहिला बास्केटबॉल सामनाही याच घरातला. १९४६ साली धंदेवाईक संघांची संघटना निघाली आणि निक्स हा न्यूयॉर्कचा संघ गार्डनच्या मालकीचा झाला. गंमत म्हणजे मालकाच्याच घरात त्याला जागा मिळेना! सर्कस किंवा कॉलेजचे सामने असले म्हणजे निक्सला एका जुन्या लष्करी कवायतखान्यात खेळावे लागे.

डाग

गर्दी आली तिच्या पाठोपाठ पैजा आल्या. १९५० साली सिटी कॉलेज या संघाने त्या वर्षीच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. दोहोंचे अंतिम सामने गार्डनमध्येच झाले, आणि एकाच वर्षी दोन्ही विजेतेपदे मिळविणारा तो एकमेव संघ ठरला. या कॉलेजात फी नव्हती. पहिल्या फळीतील खेळाडू गरीब ज्यू आणि कृष्णवर्णीय घरांतील मुले. सारे शहर त्यांच्यावर जीव ओवाळून टाकीत होते. पुढच्याच वर्षी सरकारी वकील फ्रँक होगन यांनी धरपकड सुरू केली, तेव्हा उघडकीस आले की, ठरलेल्या फरकाहून कमी गुणांनी जिंकावे किंवा अधिक गुणांनी हरावे म्हणून जुगाऱ्यांकडून पैसे घेतले गेले होते. सात कॉलेजांचे बत्तीस खेळाडू आणि शहाऐंशी सामने या प्रकरणात गुंतलेले निघाले.

दोष मुलांचा होता यात शंका नाही. परंतु अठरा हजार तिकिटे विकून ज्यांनी पैसा केला, त्यांनी त्या मुलांना काहीच दिले नव्हते, आणि जुगारी मात्र गार्डनच्या आवारात राजरोस वावरत होते. मुलांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली. काहींना तुरुंगवास घडला. क्रीडागृह मात्र चालूच राहिले. लाभ इमारतीचा आणि शिक्षा खेळणाऱ्याला, हा न्याय आम्हाला तेव्हाच्याच नव्हे तर आजच्याही पुष्कळ वादांची गुरुकिल्ली वाटतो.

दुसरा डाग याहून गडद आहे. २० फेब्रुवारी १९३९ रोजी, वॉशिंग्टनच्या जयंतीच्या सुमारास, हिटलरच्या अमेरिकन अनुयायांनी येथे सभा भरविली. वीस हजारांच्या आसपास लोक जमले. व्यासपीठावर वॉशिंग्टनचे भव्य चित्र आणि बाजूंना नाझी चिन्हे. ग्रीनबॉम नावाचा एक नळजोडणीचा कारागीर व्यासपीठाकडे धावला, तेव्हा त्याला तुडवून बाहेर काढण्यात आले. त्याच प्रेक्षागारात चार वर्षांनी, ९ मार्च १९४३ रोजी, युरोपात ज्यूंची कत्तल चालली आहे हे जगाला ओरडून सांगणारा एक शोकसोहळा झाला. बेन हेख्ट यांचे लेखन, कुर्ट वाइल यांचे संगीत; एका रात्रीत दोन प्रयोग आणि चाळीस हजार प्रेक्षक. भाडे भरील त्याला जागा, हे तत्त्व धंद्याला सोयीचे खरे. पण त्याने जागेला पुण्यही लागते आणि पापही. क्रीडागृहाला पंढरी म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, पंढरीला विठोबा असतो. येथे गाभाऱ्यात रोज नवी मूर्ती बसते.

स्टेशन गेले, गार्डन आले

१९६० च्या सुमारास तिसरे घर जुनाट झाले. नव्या जागेचा शोध सुरू असताना पेनसिल्व्हेनिया रेल्वे ही कंपनी तोट्यात बुडत चालली होती. तिच्या मालकीचे १९१० सालचे भव्य स्टेशन शहराच्या मध्यावर उभे होते. रोममधील काराकालाच्या स्नानगृहाच्या धर्तीवरचा त्याचा दिवाणखाना, गुलाबी दगडाचे खांब, काचेच्या छतातून झिरपणारा उजेड. तेही स्टॅनफर्ड व्हाइटच्याच पेढीचे काम, जरी त्याचा कर्ता त्याचा भागीदार मॅकिम होता. कंपनीने स्टेशनवरील मोकळ्या आकाशाचा हक्क विकला. मोबदल्यात नव्या गार्डनमध्ये पाव हिस्सा आणि तळघरात छोटे स्टेशन पदरात पाडून घेतले. १९६२ च्या ऑगस्टमध्ये सुमारे दोनशे स्थापत्यविशारद आणि नागरिक फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. कोणी ऐकले नाही. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी घण पडू लागले. तीन वर्षांत सारे संपले. कोरीव दगड आणि पुतळे न्यू जर्सीच्या दलदलीत नेऊन टाकले गेले.

या दुःखातून एक चांगली गोष्ट मात्र निष्पन्न झाली. १९६५ साली शहराने जुन्या वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल या दुसऱ्या स्टेशनवर असाच प्रसंग आला तेव्हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७८ साली शहराच्या बाजूने निकाल लागला. पेन स्टेशनने प्राण दिला म्हणून ग्रँड सेंट्रल वाचले, असे म्हणण्यास हरकत नाही.

चौथे गार्डन ११ फेब्रुवारी १९६८ रोजी उघडले. चार्ल्स लकमन यांची ही वाटोळी इमारत. पोलादी दोरखंडांनी तोललेल्या छपरामुळे आत प्रेक्षकाच्या दृष्टीआड येणारा एकही खांब नाही. खाली रूळ असल्यामुळे खेळाची जमीन रस्त्यापासून पाच मजले उंच आहे. सर्कशीचे हत्तीदेखील उतरंडीवरून वर चढवून न्यावे लागत. आज हॉकी आणि उद्या बास्केटबॉल असला तर बर्फ वितळवीत नाहीत. त्यावर उष्णतारोधक फळ्या अंथरतात आणि मग लाकडी तक्ते एकमेकांत अडकवून काही तासांत मैदान तयार करतात. बाहेरून मात्र ही इमारत कोणी सुंदर म्हणत नाही. तिचे वैभव सारे आतले.

चौथ्या घराच्या रात्री

आणि ते आतले वैभव खरेच थोर आहे. ८ मे १९७० ची रात्र निक्सचे भक्त आजही सांगतात. लॉस एंजलिसच्या लेकर्स संघाशी तीन-तीन सामन्यांची बरोबरी होऊन सातवा सामना आला होता. निक्सचा कप्तान विलिस रीड मांडीचा स्नायू दुखावून पाचव्या सामन्यातच पडला होता. सामना सुरू होण्याच्या बेतात असताना तो लंगडत मैदानात आला आणि प्रेक्षागाराला उधाण आले. त्याने पहिले दोन नेम साधले. त्या रात्री त्याचे गुण तेवढेच, फक्त चार. छत्तीस गुण आणि एकोणीस साह्ये वॉल्ट फ्रेझियरची. निक्स ११३ विरुद्ध ९९ असे जिंकले. पण लोकांच्या स्मरणात फ्रेझियरच्या छत्तिसांपेक्षा रीडचे चार गुण अधिक मोठे ठरले. आकडे खेळाचा हिशेब ठेवतात. आठवण वेगळ्याच मापाने मोजते.

पुढच्याच वर्षी, ८ मार्च १९७१ रोजी, महंमद अली आणि जो फ्रेझियर हे दोन अजिंक्य मल्ल समोरासमोर आले. युद्धात जाण्यास नकार दिल्यामुळे अलीचे विजेतेपद काढून घेतले गेले होते. म्हणून ही झुंज दोन पुरुषांची न राहता दोन मतांची झाली. पंधराव्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या ठोशाने अली खाली पडला आणि पंचांनी एकमताने फ्रेझियरला कौल दिला.

त्यानंतर पाच महिन्यांनी, १ ऑगस्ट १९७१ रोजी, जे घडले ते आपल्या अधिक जिव्हाळ्याचे. पूर्व बंगालात चक्रीवादळ आणि मग लष्कराचा अत्याचार यांमुळे लाखो निर्वासित भारतात येत होते. रविशंकरांनी आपला शिष्य जॉर्ज हॅरिसन याच्यापाशी मन मोकळे केले, आणि काही आठवड्यांतच गार्डनमध्ये दोन जलसे उभे राहिले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार आले. पण आरंभ झाला तो रविशंकरांची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद, अल्ला रखा यांचा तबला आणि कमला चक्रवर्ती यांचा तंबोरा यांनी. वाद्ये जुळविण्याचे स्वर थांबताच श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. एवढ्यावर तुम्ही खूश झालात तर वादन त्याहून आवडेल, अशा अर्थाचे काहीतरी रविशंकर हसून म्हणाले. मैहर संस्थानात बाबा अलाउद्दीन खाँ यांच्या पायाशी बसून दोघे शिकलेले. आणि बाबा मूळचे ज्या पूर्व बंगालचे, त्याच भूमीसाठी त्यांचा जावईशिष्य राहिलेला रविशंकर आणि पुत्र अली अकबर न्यूयॉर्कच्या त्या क्रीडागृहात बसले होते. एका छोट्या संस्थानाने पोसलेले संगीत जगाच्या बाजारपेठेत मदतीची झोळी पसरीत होते, आणि चाळीस हजार श्रोते ती भरीत होते. तिकिटांचे सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालनिधीला गेले. ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांच्या उत्पन्नातला बराच पैसा मात्र, संस्थेची नोंदणी आधी झाली नव्हती म्हणून, अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडला.

पुढच्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक आहेत. मायकेल जॉर्डनने निवृत्ती मोडून परत आल्यावर १९९५ च्या मार्चमध्ये येथे ५५ गुण केले; कोबी ब्रायंटने २००९ साली ६१; निक्सच्याच कार्मेलो अँथनीने २०१४ साली ६२. २००९ सालीच सिराक्यूज आणि कनेक्टिकट या विद्यापीठांचा सामना सहा जादा डावांनंतर, मध्यरात्र उलटून गेल्यावर, १२७ विरुद्ध ११७ असा सुटला. १४ डिसेंबर २०२१ रोजी स्टीफन करीने तीन गुणी नेमांचा सर्वकालीन विक्रम मोडला तोही येथेच. २८ सप्टेंबर २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे अनिवासी भारतीयांपुढे भाषण झाले, तेव्हा विवेकानंदांच्या व्याख्यानांनंतर एकशे अठरा वर्षे लोटली होती. नाव तेच होते; घर मात्र दोनदा बदलून तिसरे होते.

सनद आणि इनाम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८२ साली राज्याने या क्रीडागृहाला मालमत्ताकर माफ केला. दोन्ही संघ शहर सोडून जातील ही धास्ती त्यामागे होती. तेव्हाचे महापौर एड कॉख यांनी पुढे सांगितले की, ही माफी दहा वर्षांपुरती असावी असा आपला समज होता. पण कायद्यात मुदत लिहिली गेली नाही. संघ जोवर येथे खेळतात तोवर कर माफ, एवढीच अट. हल्लीच्या काळात ही सूट वर्षाला चार कोटी डॉलरांच्या वर जाते.

आपल्या वाचकांतील जुन्या घराण्यांना हा व्यवहार उलगडून सांगावयास नको. हे चाकरीचे इनाम झाले. चाकरी चालू तोवर सारा माफ. परंतु इनाम देणारा राजा निदान चाकरी काय, किती आणि कोणाची, हे सनदेत लिहून ठेवी आणि वारस बदलला की सनद तपासून पाही. येथे उलटेच झाले. राहण्याच्या परवान्याला पाच वर्षांची मुदत आणि करमाफीला मुदतच नाही! एका हाताने बिऱ्हाड हलवा म्हणून खूण करावयाची आणि दुसऱ्या हाताने, येथेच राहाल तर कर नाही, असे आमिष चालू ठेवावयाचे. अशाने कोण जागचा हलणार? १९७१ साली निर्वासितांच्या झोळीतला पैसा करखात्याने नियमावर बोट ठेवून अडविला, आणि ज्या घरात तो जमा झाला त्या घराच्या मालकांना पुढे अकरा वर्षांनी कायमची माफी मिळाली. दोन्ही गोष्टी कायदेशीरच. पण कायदेशीर आणि यथायोग्य यांत अंतर असते ते असे.

मालकीचा दुसराही पैलू २०२२ साली दिसला. कंपनीविरुद्ध दावे चालविणाऱ्या वकिली पेढ्यांतील वकिलांना चेहरा ओळखणाऱ्या यंत्राच्या साह्याने हेरून दारातूनच परत पाठविण्यात आले. स्वतः त्या दाव्याशी संबंध नसलेलेही त्यात सापडले. घर खाजगी आहे, कोणाला घ्यावे हा मालकाचा अधिकार, असे कंपनीचे म्हणणे. मग प्रश्न उरतो तो असा की, हे शहराचे दैवत आहे की एका गृहस्थाचा दिवाणखाना? दैवत असेल तर दार सर्वांस मोकळे हवे. दिवाणखाना असेल तर करमाफी कशासाठी?

हलविण्याच्या पक्षाचीही बाजू सोपी नाही. २०११ ते २०१३ या काळात इमारतीच्या नूतनीकरणावर सुमारे शंभर कोटी डॉलर खर्च झाले आहेत. नव्या जागेचा खर्च कोण करणार, याचे उत्तर कोणीही दिलेले नाही. शेजारच्या जुन्या टपाल कचेरीत २०२१ च्या आरंभी उतारूंसाठी नवा दिवाणखाना उघडला, त्याने थोडा दिलासा मिळाला. पण रूळ आणि फलाट जेथे होते तेथेच आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये स्टेशनच्या पुनर्बांधणीचे काम राज्याच्या वाहतूक मंडळाकडून काढून केंद्र सरकारने ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीकडे सोपविले. शहराने मुदत ठरवावी, राज्याने कर माफ करावा आणि केंद्राने स्टेशन बांधावे अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. तीन धनी असलेल्या घराची डागडुजी कशी होते, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना ठाऊकच आहे.

आमचे मत एवढेच की, आठवणींचे कारण पुढे करून वाद मिटविता येणार नाही. या नावाने तीनदा घर बदलले. लुइसेट्टीचा एका हाताचा नेम ज्या तक्त्यांवर पडला ते तक्ते गेले, विवेकानंद ज्या व्यासपीठावर उभे राहिले ते गेले. तरी नावाला धक्का लागला नाही. गार्डन हलविता येते, हे गार्डनच्याच इतिहासाने सिद्ध केले आहे. स्टेशन मात्र हलविता येत नाही. रूळ नदीखालच्या बोगद्यांतून जेथे येतात तेथेच ते राहणार. जे हलू शकते त्याने जे हलू शकत नाही त्याला वाट द्यावी, हा साधा व्यवहार आहे. पण तो अंमलात आणावयाचा तर आधी करमाफीला मुदत घालावी, तिच्यातून वाचणारा पैसा नव्या जागेच्या कामी लावावा, आणि नव्या सनदेत दार कोणाला मोकळे असावे हेही लिहून ठेवावे. १९६३ साली धनी कंगाल होता आणि नागरिक बेसावध होते, म्हणून स्टेशन गेले. २०२३ सालचा परवाना २०२८ साली संपेल. या वेळी बेसावध होतो असे म्हणण्याची सोय कोणालाही राहिलेली नाही.